शेरलॉक होम्सचा जनक

सर आर्थर कॉनन डॉयल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. घरची स्थिती बेताची असूनही त्यांनी कष्टाने वैद्यकाचे शिक्षण पुरे केले. रोग्याला पाहताच त्याचा व्यवसाय ओळखणारे डॉ. जोसेफ बेल हे त्यांचे गुरू होत. पुढे साउथसी येथे डॉयल यांनी दवाखाना थाटला. परंतु तिकडे रोगी फारसे फिरकत नसत. त्या रिकाम्या वेळात त्यांनी लेखणी हाती धरली आणि गुरूंच्या निरीक्षणशक्तीवरून शेरलॉक होम्स हा गुप्तहेर निर्माण केला. होम्सची पहिली कादंबरी १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली. १८९३ मध्ये त्यांनी होम्सचा अंत घडविला, तेव्हा वाचक इतके हळहळले की, दहा वर्षांनी त्याला परत आणावे लागले.

जॉर्ज एडलजी हा इंग्लंडमधील तरुण वकील. त्याचे वडील मूळचे मुंबईचे पारशी व पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले. एका घोड्याला रात्री जखमी केल्याच्या आरोपावरून १९०३ मध्ये जॉर्जला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण कलंक राहिला. डॉयल यांनी स्वतः तपास केला. जॉर्जची दृष्टी अत्यंत अधू होती. काळोखात शेते तुडवीत जाणे त्याला अशक्य होते. डॉयल यांनी वृत्तपत्रातून या अन्यायाला वाचा फोडली. १९०७ मध्ये सरकारने जॉर्जला माफी दिली, भरपाई मात्र दिली नाही. त्याच वर्षी इंग्लंडात फौजदारी अपील न्यायालयाचा कायदा झाला. त्यालाही या प्रकरणाचा हातभार लागला.

७ जुलै १९३० रोजी डॉयल निधन पावले. आपल्या कथानायकाची बुद्धी त्यांनी एका निरपराध्याच्या कामी लावली, हे विसरता येत नाही.