सोळा वर्षे पागलखान्यात काढलेले ताजुद्दीन बाबा. राजाने हमी भरून घरी नेले

हिंगणा : नागपूरच्या उमरेड रोडवरील ताजबागला आपल्या तालुक्यातूनही लोक जातात, सगळ्याच जातीधर्माचे. पण ज्यांच्यापुढे आपण डोकं टेकवतो ते बाबा १६ वर्षे पागलखान्यात होते, हे नव्या पोरांना फारसं माहीत नाही.

ताजुद्दीन बाबांचा जन्म २७ जानेवारी १८६१ चा, कामठीचा. वडील फौजेत होते. लहानपणीच आधी वडील गेले, मग आई. मामांनी आणि आजीने वाढवलं. तरुणपणी फौजेत लागले आणि पलटणीसोबत सागरला गेले. तिथे एका दर्ग्यावर रात्र रात्र बसू लागले. शेवटी नोकरी सोडली. आजी त्यांना कामठीला घेऊन आली, औषधपाणी केलं, फरक पडला नाही.

गावाने काय केलं? जे आजही होते तेच. पोरं मागे लागून दगड मारायची. बाबा ते दगड गोळा करून ढीग लावायचे, असं भाविक सांगतात. १८९२ च्या ऑगस्टमध्ये ते कामठीत गोऱ्या बायकांसमोर उघडे गेले. साहेब लोक भडकले आणि त्यांना नागपूरच्या पागलखान्यात टाकलं.

ती फकिरी होती की आजार, हा वाद इथे करायचा नाही. ज्याची त्याची श्रद्धा. पण ज्या माणसाला कानात आवाज येतात, उगाच संशय येतो, जो झोपत नाही, एकटाच बोलतो, त्याला स्किझोफ्रेनिया असू शकतो. तो मेंदूचा आजार आहे, करणी नाही. बाबांच्या काळात त्यावर औषधच नव्हतं. पहिली गुणकारी गोळी १९५२ च्या सुमारास आली. आता नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे. १४४१६ या सरकारी नंबरवर फुकटात बोलता येते. रुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. दर्ग्यावर नेलं तरी चालेल, गोळ्या मात्र बंद करू नये.

पागलखान्यातही बाबांना भेटायला लोक येऊ लागले. मग १९०८ मध्ये नागपूरचे राजे रघुजीराव भोसले पुढे आले. दोन हजार रुपयांची हमी भरली. तेव्हाचे दोन हजार म्हणजे खायचं काम नाही! त्यांनी बाबांना सोडवलं आणि थेट आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यावर आणलं. आपल्याकडे दवाखान्यातून बरा होऊन आलेल्या सख्ख्या भावालाही गोठ्याजवळच्या खोलीत झोपवतात. इथे एका हिंदू राजाने पागलखान्यातल्या मुसलमान फकिराला वाड्यात जागा दिली.

पुढे बाबा सावनेर तालुक्यातल्या वाकी गावी काशिनाथ पाटलांकडे राहिले. कन्हानकाठचं ते छोटंसं गाव, तिथे लोकांची रीघ लागली. दुखणाईत माणसं यायची, त्यांना बाबा एका आंब्याखाली बसवायचे. त्या जागेला ते शफाखाना, म्हणजे दवाखाना म्हणत.

नंतर ते परत शक्करदऱ्याला आले. टांग्यात बसून शहरात फिरायचे. कामठीत दगड खाल्लेल्या या माणसाच्या टांग्यामागे आता गर्दी धावायची. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबा गेले, ते राजांच्या शक्करदऱ्यातच. आज जिथे ताजबाग आहे, तिथे त्यांना दफन केलं.