मीठ, पाणी आणि नामदार गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले की महात्माजींचे राजकीय गुरू, नेमस्तांचे अग्रणी आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे पुरस्कर्ते या तीन ओळखींवर आपण थांबतो. सरकारचा जमाखर्च रयतेच्या चुलीपाशी बसून तपासणारा अर्थशास्त्रज्ञ ही त्यांची चौथी ओळख मात्र मागे पडली आहे. गरीब देशांत लहान मुलांच्या अतिसारावर होणारा खर्च नेमका कोणाच्या खिशातून जातो, हे समजून घ्यायचे असेल तर तीच ओळख कामाची आहे.

गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे 9 मे 1866 रोजी गोखल्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागलला नोकरी धरली आणि दरमहा पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत संसार कसा चालतो, याचा धडा गोखल्यांना कोणत्याही ग्रंथाच्या आधी मिळाला. पुढे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. आपल्या नाशिक जिल्ह्यातील निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू. सरकारी अहवालातील आकडा उलटसुलट तपासल्याशिवाय लेखणी उचलायची नाही, ही शिस्त त्यांचीच.

त्या शिस्तीची कसोटी मिठाच्या प्रश्नावर लागली. 1888 मध्ये सरकारने मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. 26 मार्च 1902 रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण करण्यास गोखले उभे राहिले, तेव्हा दुष्काळ आणि प्लेग यांनी देश खचलेला असतानाही सरकारी तिजोरीत मात्र शिल्लक पडत होती. सरकारला त्यात भरभराट दिसत होती. गोखल्यांनी दाखवून दिले की, रुपयाचा विनिमयदर घसरलेला असताना वाढवलेले कर तो सावरल्यावरही तसेच ठेवले, म्हणून ही शिल्लक दिसते. ती राज्यकारभारातील काटकसर नसून रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेला पैसा आहे. मिठासारख्या जीवनावश्यक वस्तूवर कर वाढवला की गरीब माणूस मीठच कमी खातो, हेही त्यांनी खपाच्या आकड्यांनिशी मांडले. पुढे 1903, 1905 आणि 1907 अशा तीन टप्प्यांत हा कर मणामागे एक रुपयावर आला. श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. पण त्यांच्या आकडेमोडीला उत्तर देणे सरकारला जड गेले, हे मान्य करावे लागेल.

या शिलकेचे करायचे काय, यावर त्यांनी वर्षामागून वर्षे आग्रह धरला तो प्राथमिक शिक्षणाचा आणि आरोग्यव्यवस्थेचा. पुण्याच्या प्लेगमध्ये त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केले होते आणि नगरपालिकेचे अध्यक्षपदही सांभाळले होते. शुद्ध पाणी आणि सांडपाण्याचा निचरा यांचा भांडवली खर्च नगरपालिकेच्या घरपट्टीतून निघत नाही, हा त्यांचा अनुभवाचा निष्कर्ष होता. तो भार मध्यवर्ती तिजोरीने उचलावा, अशी त्यांची मागणी होती. त्या काळी हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे दोनशे वर्षाच्या आत दगावत.

गोखल्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे. हगवणीने शरीरातून जाणारे पाणी मीठ आणि साखर योग्य प्रमाणात घातलेल्या पाण्याने तोंडावाटे भरून काढता येते, कारण आतड्यात साखरेच्या जोडीने मीठ शोषले जाते आणि मिठामागे पाणी जाते. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी याच द्रावणाने पटकीच्या रुग्णांमधील मृत्यू कितीतरी घटवून दाखविले. जलसंजीवनीची पुडी आज काही रुपयांत, शासकीय आरोग्य केंद्रात तर विनामूल्य मिळते. मग घरचा खर्च फुगतो कशाने? दवाखान्याची फी, रिक्षाभाडे, गरज नसताना टोचलेली सलाईन आणि बहुतेक वेळा निरुपयोगी ठरणारी प्रतिजैविके यांनी. त्यात आईची बुडालेली मजुरी धरली तर पुडीची किंमत हिशेबात दिसेनाशी होते. नाशिक रोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयात 1928 पासून देशाच्या नोटा छापल्या जातात. त्याच गावात रोजंदारीवरच्या कुटुंबाला मुलाच्या तीन दिवसांच्या आजारासाठी हातउसने घ्यावे लागले, तर तो खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. पाण्याची नळवाहिनी बदलण्याचे काम पुढच्या वर्षावर टाकले की पालिकेच्या कागदावर बचत दिसते, आणि तीच रक्कम गळक्या वाहिनीवर राहणारी घरे औषधाच्या दुकानात भरतात. गोखले ज्याला खोटी शिल्लक म्हणून ओळखत, ती हीच.

पुडी एक लिटर पाण्यातच मिसळायची, ही त्यावरची सूचना वाचता येणे हाही उपचाराचा भाग आहे. गोखल्यांनी 1911 मध्ये मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आरंभी मुलग्यांपुरतेच होते, मुलींचा क्रम नंतर लागणार होता. 1912 च्या मार्चमध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी होण्याआधी, गोखले गेले. पुढच्याच वर्षी, महायुद्धाच्या खर्चासाठी, मिठावरील कर मणामागे चार आण्यांनी वाढविण्यात आला.