वसईचे रक्तसाक्षी : संत गोन्सालो गार्सिया



आपल्या नांदेड-लातूर भागात जत्रेतला बोकडाचा बळी पाहिला नाही असा माणूस विरळाच. तिथे देणारा बाजूला उभा असतो आणि रक्त सांडते ते दुसऱ्या जिवाचे. जुन्या करारातली अर्पणेही बहुधा अशीच होती. प्रभू येशूने मात्र क्रूसावर स्वतःलाच अर्पण केले. ते बलिदान एकदाच झाले आणि ते परिपूर्ण आहे. मग रक्तसाक्षींच्या रक्ताला ख्रिस्तसभा इतके का मानते? वसईच्या एका मुलाचे चरित्र पाहू या.

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय फादरांकडे ते शिकले आणि मिसरूड फुटण्याच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. जपानी भाषा त्यांना उत्तम आली, धर्मशिक्षणाचे कामही ते करू लागले. येशूसंघात प्रवेश घ्यायची फार इच्छा होती, पण तो मिळाला नाही. (रुसून देवळाकडे पाठ फिरवायला आपल्यातल्या अनेकांना याहून लहान कारण पुरते!) त्यांनी व्यापार केला, तो चांगला चालला. पुढे तोही सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात गेले. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी होऊन ते पुन्हा जपानला आले. क्योतो शहरात या संन्याशांनी कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ काढले. ज्यांच्या सावलीलाही लोक भीत, त्यांची तिथे सेवा होई. मला वाटते, गोन्सालो यांचे अर्पण इथेच सुरू झाले होते. रक्त नंतर सांडले.

१५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. मिशनरी हे परक्या राजाचे हस्तक आहेत, असा संशय सत्ताधीश हिदेयोशीच्या मनात बळावला. डिसेंबरात धरपकड झाली. जानेवारीत कैद्यांचे डावे कान कापून त्यांची धिंड काढली आणि ऐन थंडीत त्यांना नागासाकीकडे नेले. निघाले तेव्हा चोवीस जण होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे जपानी भाविकही पकडले गेले. यादीत नाव नसताना ते दोघेही मरणाला सामोरे गेले. सव्वीसपैकी वीस जण जपानीच होते आणि सर्वांत धाकटा लुईस अवघा बारा वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीच्या टेकडीवर गोन्सालो सर्वांत आधी पोहोचले आणि त्यांनाच प्रथम क्रूसावर चढवले. दोरांनी बांधून भाल्यांनी भोसकले. मरण त्यांनी मागितले नव्हते. पण प्रभूला नाकारून जगणेही मागितले नाही. येशूच्या बलिदानात त्यांच्या रक्ताने काही भर पडली नाही, त्या बलिदानाची साक्ष मात्र पटली. जमलेल्या लोकांनी ते रक्त कापडांत टिपून घरी नेले.

या सव्वीस जणांना १६२७ साली धन्यवादित आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच. वसईजवळ गास येथील ख्रिस्तमंदिर त्यांच्या नावाचे आहे.