चुकांतून शिकविणारा व्याकरणकार

इंग्रजी क्रियापदाच्या काळांची धास्ती न घेतलेला मराठी विद्यार्थी विरळाच. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक. व्याकरण हा त्याचा विषय नव्हे. तरीही उत्तरपत्रिका तपासताना मागणी-पुरवठ्याच्या सिद्धान्तापेक्षा ‘हॅव’ आणि ‘हॅड’ यांच्या घोटाळ्याशीच त्याची गाठ अधिक पडते. काही वर्षांपूर्वी खेड्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या निबंधातील असे एक वाक्य मी वर्गात मोठ्याने वाचून दाखविले. वर्ग हसला. त्या मुलाने पुढे वर्षभर एकही प्रश्न विचारला नाही. त्याचा विचार बरोबर होता. चुकला होता तो फक्त काळ. ही खंत मनात असताना लिंडले मरे यांचे चरित्र वाचनात आले. चुकीच्या वाक्यांचे पुस्तकच तयार करून विद्यार्थ्यांच्या हाती देणारा हा माणूस आपल्याकडे आज विस्मृतीत गेला असला, तरी आपल्या वर्गांवरील त्याची छाया अजून हललेली नाही.

मरे यांचा जन्म १७४५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एका क्वेकर कुटुंबात झाला. वडील रॉबर्ट मरे पुढे न्यूयॉर्कचे मोठे व्यापारी झाले. त्या शहरातील मरे हिल हा भाग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मुलाने व्यापार करावा ही वडिलांची इच्छा, तर मुलाचा ओढा पुस्तकांकडे. वडिलांनी शिक्षा केली तेव्हा हा मुलगा घर सोडून निघून गेला आणि त्याने न्यू जर्सीतील एका निवासी शाळेत नाव घातले, तेही शिकण्यासाठी! अखेर तडजोड होऊन तो वकिलीकडे वळला. त्या अभ्यासात त्याचे सहाध्यायी होते जॉन जे, जे पुढे अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश झाले.

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात वकिली थंडावली. मिठाची टंचाई पाहून मरे यांनी लाँग आयलंडवर मीठ तयार करण्याचा उद्योग आरंभिला. परंतु ब्रिटिश सैन्याने तो प्रदेश घेताच मिठाची आवक पुन्हा सुरू झाली आणि टंचाईवर उभारलेला हा उद्योग टंचाईबरोबरच संपला. पुढे व्यापारात मात्र त्यांनी पुरेसा पैसा मिळविला आणि चाळिशीच्या आतच ते निवृत्त झाले. तोवर स्नायूंच्या दुर्बलतेने त्यांना ग्रासले होते. थंड हवामान मानवेल या आशेने १७८४ साली पत्नी हॅना यांच्यासह ते इंग्लंडला गेले आणि यॉर्कजवळील होल्गेट येथे स्थायिक झाले. युद्धात त्यांच्या घराण्याचा कल ब्रिटिशांकडे होता, त्यामुळे या स्थलांतरामागे राजकीय कारणही असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. ते काही असो. मरे पुन्हा मायदेशी परतले नाहीत. हळूहळू चालणेही बंद झाले. बाग, खुर्ची आणि लेखनाचे टेबल एवढेच त्यांचे जग उरले.

या जगात व्याकरण शिरले ते एका विनंतीमुळे. यॉर्कमध्ये क्वेकर मुलींची एक शाळा होती. तेथील तरुण शिक्षिकांना इंग्रजी शिकवायचे होते, पण त्यासाठी सोपे, नीट मांडलेले पुस्तक हाताशी नव्हते. त्यांनी मरे यांना साकडे घातले आणि १७९५ साली त्यांचे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले. आपण नवे काही शोधले असा त्यांचा दावा नव्हता. लाउथ, प्रीस्टली, ब्लेअर आदींच्या ग्रंथांतून आपण सामग्री घेतली, हे त्यांनी मोकळेपणी सांगितले. त्यांचे कर्तृत्व होते ते मांडणीत. महत्त्वाचे नियम मोठ्या अक्षरांत, तपशील लहान अक्षरांत. नवशिक्याने पहिले वाचावे, जाणत्याने दुसरेही.

१७९७ साली त्यांनी अभ्यासपाठांचे पुस्तक काढले. त्यात मुद्दाम चुकीची वाक्ये दिलेली होती; विद्यार्थ्याने चूक शोधावी, ती कोणत्या नियमाने चूक ठरते ते सांगावे आणि वाक्य दुरुस्त करावे. ही रीत त्यांच्या आधीही होती. तिचा प्रसार मात्र मरे यांनी केला. शिवाय उत्तरांचे पुस्तक त्यांनी वेगळे छापले, ते अशासाठी की ज्याला शिक्षक लाभला नाही त्याला स्वतःच स्वतःचा शिक्षक होता यावे. या व्यवस्थेत चूक कोणा एकाची नसते. ती सर्वांसमोर ठेवलेला सामायिक प्रश्न असते. मी वर्गात जे केले, ते नेमके याच्या उलट होते.

त्यांनी क्रियापदाचे सहा काळ मानले. काम झाले एवढे सांगणारा भूतकाळ वेगळा, आणि बोलत असताना अजून न संपलेल्या कालखंडाशी नाते सांगणारा पूर्णकाळ वेगळा, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. या वर्षी पाऊस चांगला झाला असे म्हणताना ‘हॅव’चे रूप चालते, कारण वर्ष अजून सरलेले नाही, गेल्या वर्षीच्या पावसाला ते चालत नाही. तसेच ‘हॅड’चे रूप एका गतगोष्टीच्या आधी घडलेल्या दुसऱ्या गोष्टीसाठी. आपला विद्यार्थी येथेच घसरतो. मी काल पुण्याला गेलो होतो, हे निर्दोष मराठी वाक्य. त्याचे शब्दशः इंग्रजी ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे’ असे होते आणि ते चुकते, कारण कशाच्या आधी, हे त्यात सांगितलेलेच नसते. म्हणजे ही चूक बुद्धिमांद्याची नव्हे; मातृभाषेच्या नियमाशी राखलेल्या इमानाची आहे. तिला हसण्याऐवजी दोन भाषांतील हा फरक फळ्यावर मांडला, तर निम्मे काम तेथेच होईल.

मरे यांच्या पुस्तकांच्या एकूण प्रती दीड-दोन कोटींच्या घरात खपल्या असाव्यात, असा अंदाज केला जातो. त्यांच्या वाचनमालेची अब्राहम लिंकन यांनी मनापासून वाखाणणी केली होती, असे सांगितले जाते. पुस्तकांचे उत्पन्न मरे यांनी धर्मादाय कामांना दिले आणि आपल्या संपत्तीतून कृष्णवर्णीयांची गुलामीतून मुक्तता व त्यांच्या वंशजांचे शिक्षण यांसाठी तरतूद केली. १८२६ साली होल्गेट येथेच त्यांचे निधन झाले. पुढे काळाने त्यांच्यावरही लाल शाई फिरविली. १८६८ साली मून नावाच्या टीकाकाराने मरे यांच्या स्वतःच्या इंग्रजीतील चुका दाखविणारा ग्रंथच काढला. व्याकरणकारही चुकतो, हा धडाही असा त्यांच्याच नावावर जमा झाला.

त्यांच्या यशाची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. नियम घोकून म्हणून दाखविणे म्हणजेच भाषा येणे, हा समज दृढ होण्यास अशाच पुस्तकांचा हातभार लागला. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. पुढे तर्खडकर याच नावाच्या भाषांतर पाठमालेने मराठी मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांना वाक्यामागून वाक्ये घालून इंग्रजी शिकविले. तो सराव उपयुक्तच होता. पण इंग्रजी ही नोकरीची किल्ली झाली, तशी व्याकरणाची चूक ही माणसाची पायरी ठरविण्याचे माप बनली. बाजारात ज्या वस्तूची टंचाई असते, तिच्याभोवती मक्तेदारी निर्माण होते. शुद्ध इंग्रजीचे आपल्याकडे तेच झाले.

मरे यांनी ही टंचाई कमी करण्यासाठी पुस्तक लिहिले होते. ज्यांच्यापाशी लॅटिन नव्हते, मोठी विद्यापीठे ज्यांना बंद होती, अशा मुलींसाठी ते होते. दार म्हणून बांधलेल्या वस्तूचे आपण कुंपण केले. ते पुन्हा दार व्हावे असे वाटत असेल, तर आरंभ शिक्षकाच्या लाल पेन्सिलीपासून करावा लागेल. आता मी उत्तरपत्रिकांतील चुकीची वाक्ये नाव न सांगता फळ्यावर लिहितो आणि अर्थशास्त्राच्या तासातील दहा मिनिटे त्यांना देतो. त्या एका मुलाचे वर्ष त्याने भरून येत नाही. पण आता वर्गात प्रश्न विचारले जातात.