दातांची तार आणि डॉ. अँगल यांचा हट्ट

छत्रपती संभाजीनगरात उन्हाळ्याची सुट्टी लागली, की मुलांचे वेडेवाकडे दात दाखवायला पालक दवाखान्यांत येऊ लागतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. तार नेहमीच्या डेंटिस्टकडून लावून घ्यायची की ऑर्थोडॉन्टिस्टकडून? मुळात हे दोन डॉक्टर वेगळे का झाले, हे कळले की उत्तर सोपे होते. त्यासाठी एडवर्ड हार्टली अँगल या अमेरिकन दंतवैद्याचे आयुष्य पाहावे लागते.

अँगल यांचा जन्म १ जून १८५५ रोजी पेनसिल्व्हेनियातील हेरिक येथे झाला. सात भावंडांत ते पाचवे. १८७८ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी टोवांडा या गावात दवाखाना थाटला. म्हणजे सुरुवातीला तेही साधे, सगळी कामे करणारे डेंटिस्टच होते. पुढे प्रकृती ढासळल्याने दवाखाना सोडून ते मोंटाना भागात मेंढीपालन करायला गेले. कडाक्याच्या हिवाळ्याने तो व्यवसाय बुडाला आणि ते पुन्हा दातांकडे वळले. मिनियापोलिसमध्ये ते शिकवू लागले.

त्या काळी दात सरळ करणे हे फावल्या वेळचे काम मानले जाई. प्रत्येक डॉक्टर प्रत्येक रुग्णासाठी आपापल्या कल्पनेने पट्ट्या आणि स्क्रू घडवत असे. अँगल यांनी ठरावीक मापाचे, तयार सुटे भाग बनवले आणि १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत आपली पद्धत मांडली. १८९२ पासून त्यांनी दात भरणे, काढणे ही कामे बंद केली आणि फक्त दात सरळ करण्याचे काम हाती ठेवले.

त्यांचे सर्वांत मोठे काम १८९९ मधले. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ त्यांनी खूण म्हणून धरली. वरची आणि खालची दाढ एकमेकींवर कशी बसते, यावरून त्यांनी तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात दाढा जागेवर असतात, पण पुढचे दात वाकडे असतात. दुसऱ्यात खालची दाढ मागे पडलेली असते, तर तिसऱ्यात ती पुढे आलेली असते. वरून सारखेच दिसणारे 'पुढे आलेले दात' प्रत्यक्षात वेगवेगळ्या कारणांचे असू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले. कधी दोष दातांचा असतो, तर कधी खालचा जबडाच मागे राहिलेला असतो. दोन्हींचे उपचार एक नसतात. हे वर्ग आजही जगभर वापरले जातात.

हा विषय दंत महाविद्यालयांनी स्वतंत्रपणे शिकवावा, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य होईना, तेव्हा १९०० मध्ये त्यांनी सेंट लुईस येथे स्वतःची शाळा काढली. त्याच वर्षी या तज्ज्ञांची पहिली संघटनाही उभी राहिली. १९२८ मध्ये त्यांनी चौकोनी खाचेच्या ब्रॅकेटची पद्धत प्रसिद्ध केली. आज दातांवर चिकटवल्या जाणाऱ्या बहुतेक ब्रॅकेटचे मूळ त्यातच आहे.

पण अँगल यांचा हट्ट एका बाबतीत नडला. तार लावताना एकही दात काढायचा नाही, असे त्यांचे ठाम मत होते. केल्व्हिन केस यांनी त्याला विरोध केला, तेव्हा मोठा वाद पेटला. ११ ऑगस्ट १९३० रोजी अँगल गेले. पुढे त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी, काही रुग्णांत दात काढल्याशिवाय परिणाम टिकत नाही, हे रुग्णांवर पुन्हा उपचार करून दाखवले. तारा ओढणे हाताचे कौशल्य आहे, पण कोणता दात ठेवायचा आणि कोणता काढायचा, हा निर्णय अभ्यासाचा आहे.

अँगल यांच्या शाळेतील सुरुवातीचे वर्ग काही आठवड्यांचेच असत. आज भारतात बीडीएसनंतर याच विषयात तीन वर्षांचे एमडीएस केलेला डॉक्टर ऑर्थोडॉन्टिस्ट ठरतो. म्हणून नेहमीचा डेंटिस्ट बाजूला पडत नाही. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या आधी त्यानेच बऱ्या करायच्या असतात, कारण आजारी हिरड्यांवर तार लावणे धोक्याचे असते. मात्र जबडा पुढे-मागे असेल, दात हाडात अडकलेला असेल किंवा दात काढून जागा करायची असेल, तर ऑर्थोडॉन्टिस्टच गाठावा. मुलांची पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या आसपास करून घेतलेली बरी.

अनेक दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट ठरावीक दिवशी येतात. अशा वेळी एमडीएस कोणत्या विषयात आहे, दर महिन्याला तार कोण बदलणार, जबड्याचा एक्स-रे आणि दातांचे साचे घेणार का, दात काढायचा असेल तर का आणि तार निघाल्यावर रिटेनर किती काळ वापरायचा, हे आधीच विचारावे. खर्चाची अडचण असेल, तर घाटी परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करता येते. तोंडात एक-दोन वर्षे राहणारी तार लावण्याआधी या प्रश्नांना दिलेली पंधरा मिनिटे वाया जात नाहीत.