ऐकणारा वैद्य : सिग्मंड फ्रॉइड

रोग्याने बोलावे आणि डॉक्टरने ऐकावे, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की, तिचाही कधीकाळी शोध लावावा लागला असेल हे ध्यानात येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात मनोविकारांवर जे उपचार होत, त्यांत बोलण्याचा अधिकार डॉक्टरचा असे. थंड पाण्याची स्नाने, विजेचे सौम्य झटके, मालिश, सक्तीची विश्रांती आणि जोडीला समजुतीचे किंवा दरडावणीचे चार शब्द, एवढाच त्यांचा पसारा होता. रुग्णाच्या, त्यातही स्त्रीच्या, सांगण्याला लक्षणांच्या नोंदीपलीकडे किंमत नव्हती. ही रीत उलटी करण्याचे श्रेय प्रामुख्याने सिग्मंड फ्रॉइडकडे जाते. त्याचे अनेक सिद्धान्त पुढे मागे पडले, काही तर साफ चुकीचे निघाले. परंतु आजच्या समुपदेशकाकडे रुग्णासाठी जो राखीव वेळ असतो, त्याचे मूळ फ्रॉइडच्याच खोलीत सापडते.

फ्रॉइडचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराविया प्रांतातील फ्राइबर्ग या लहानशा गावी झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील लोकरीचे व्यापारी, धर्माने ज्यू, व्यवसायात बेताचेच यशस्वी. सिग्मंड चार वर्षांचा असताना कुटुंब व्हिएन्नात आले आणि पुढची ७८ वर्षे त्याने हे शहर सोडले नाही, जरी या शहराविषयी त्याची तक्रार कधीच संपली नाही. १८७३ मध्ये त्याने वैद्यकशाखेत प्रवेश घेतला. पण ओढ रुग्णांपेक्षा सूक्ष्मदर्शकाकडे अधिक. ईल माशांच्या शरीररचनेवर आणि मज्जापेशींवर त्याने चिकाटीने काम केले. प्रयोगशाळेच्या तुटपुंज्या मिळकतीत संसार चालणार नव्हता आणि मार्था बेर्नेसशी त्याचा वाङ्निश्चय झाला होता. म्हणून तो नाइलाजाने डॉक्टरी व्यवसायाकडे वळला. मनोविश्लेषणाचा जनक रुग्णांपर्यंत पोहोचला तो असा, पैशाच्या अडचणीमुळे.

नाव मिळवण्याची घाई त्याला होती आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली. १८८४ मध्ये कोकेनवर त्याने स्तुतिपर निबंध लिहिला. मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या फ्लाइश्ल-मार्क्सो या आपल्या मित्राला त्याने कोकेन सुचवले. मित्राचे मॉर्फिन सुटले नाहीच, वर कोकेनचे व्यसन जडले आणि १८९१ मध्ये तो गेला. फ्रॉइडच्या चरित्रातला हा डाग पुसट करून दाखवण्याचा प्रयत्न त्याच्या भक्तांनी केला, तो व्यर्थ आहे.

१८८५च्या हिवाळ्यात शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला गेला. तेथील साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को हा विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ हिस्टेरियाच्या रुग्णांना संमोहित करून, केवळ शब्दांच्या बळावर त्यांचा हात लुळा पाडून दाखवी आणि पुन्हा हलताही करी. शरीरात इजा नसताना एखादी कल्पना अवयव निकामी करू शकते, हे फ्रॉइडने तेथे डोळ्यांनी पाहिले. परतल्यावर १८८६ मध्ये त्याने व्हिएन्नात दवाखाना उघडला आणि त्याच वर्षी मार्थाशी विवाह केला.

बोलण्यातून बरे करण्याची कल्पना मात्र फ्रॉइडची नव्हे आणि त्याचा ज्येष्ठ मित्र योझेफ ब्रॉयर याचीही नव्हे. ती एका रुग्ण मुलीची होती. १८८० मध्ये बेर्था पापेनहाइम ही एकवीस वर्षांची तरुणी ब्रॉयरच्या उपचाराखाली आली. वडिलांच्या आजारपणात शुश्रूषा करता करता तिचे हातपाय लुळे पडले होते, दृष्टी बिघडली होती, मातृभाषा सुचेनाशी होऊन ती इंग्रजीतच बोलू लागली होती. ब्रॉयर रोज तिच्याकडे जाई. एखादे लक्षण प्रथम कोणत्या प्रसंगी उद्भवले ते ती आठवून, त्या वेळच्या दाबलेल्या भावनेसह सांगू लागली की ते ओसरत असे. या प्रक्रियेला तिने स्वतःच धुराड्याच्या सफाईची उपमा दिली होती. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये हिस्टेरियावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बदललेल्या नावाने तिची कहाणी पहिलीच आहे. ग्रंथावरून ती पुढे पूर्ण बरी झाली असे वाटते. वस्तुस्थिती निराळी होती. १८८२ मध्ये ब्रॉयरचे उपचार थांबल्यावर तिला स्वित्झर्लंडमधील आरोग्यधामात ठेवावे लागले, हे तेथील कागदपत्रांवरून १९७० नंतर उजेडात आले. बेर्था सावरली, पण स्वतःच्या वेगाने. पुढे जर्मनीत तिने ज्यू स्त्रियांची संघटना उभारली, निराधार मुलींसाठी आश्रम चालवला. मनोविश्लेषणाच्या इतिहासात तिची ओळख रुग्ण एवढीच राहावी, हा तिच्यावर अन्यायच म्हणावा लागेल.

फ्रॉइड गप्प बसायला शिकला तोही रुग्णांकडूनच. आरंभी तो संमोहन वापरी, सूचना देई, कपाळावर हात दाबून आठवण्याचा आग्रह धरी. १८८९च्या सुमारास त्याच्याकडे येणाऱ्या एका श्रीमंत विधवेने, हे कुठून आले नि ते कुठून आले असे सारखे विचारू नका, मला सांगायचे ते सांगू द्या, अशा आशयाची तक्रार केली. दुसरा एखादा डॉक्टर रागावला असता. फ्रॉइडने ते मनावर घेतले. हळूहळू संमोहन सुटले, प्रश्नही कमी झाले. उरला तो एकच नियम. मनात येईल ते, क्षुल्लक असो की लाजिरवाणे, निवड न करता बोलावे. यालाच पुढे मुक्त साहचर्य म्हटले गेले. रुग्णाने कोचावर आडवे व्हावे आणि डॉक्टरने त्याच्या डोक्यामागे, नजरेआड बसावे, ही व्यवस्था संमोहनाच्या काळापासून उरलेली. दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहावे हे सोसत नाही, असे तिचे प्रांजळ कारणही फ्रॉइडने देऊन ठेवले आहे.

या ऐकण्यातून त्याला जे दिसले ते थोडक्यात असे. माणसाला असह्य वाटणाऱ्या इच्छा आणि आठवणी नाहीशा होत नाहीत. त्या अबोध मनात ढकलल्या जातात आणि लक्षण, स्वप्न, बोलताना होणारी चूक अशा वेषांतराने परत येतात. १८९६ मध्ये वडील वारले. त्यानंतर त्याने स्वतःचीच स्वप्ने तपासायला घेतली. त्यातून सिद्ध झालेला स्वप्नमीमांसेचा ग्रंथ १८९९च्या अखेरीस बाहेर आला, मुखपृष्ठावर मात्र १९०० हे साल होते. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या ६०० प्रती खपायला आठ वर्षे लागली. याच सुमारास त्याने एक मोठी माघार घेतली. आपल्या रुग्णांना बालपणी लैंगिक अत्याचार सोसावे लागले, असे तो आधी मानत असे. १८९७ मध्ये त्याने हा सिद्धान्त सोडला आणि त्या कथनांत मुलांच्या स्वतःच्या कल्पनांचा भाग पाहू लागला. ही माघार शास्त्रीय प्रामाणिकपणाची की समाजाच्या भीतीची, यावर आजही कडाक्याचा वाद आहे. हेतू काहीही असो, पुढच्या कित्येक दशकांत खऱ्या अत्याचाराचे कथन कल्पना म्हणून बाजूला सारण्याची सोय त्यामुळे झाली.

ऐकण्याचे शास्त्र रचणारा माणूस ऐकण्यात किती तोकडा पडू शकतो, हे १९०० मधल्या एका प्रकरणात दिसते. ग्रंथात डोरा या नावाने आलेल्या या अठरा वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी फ्रॉइडकडे आणले. वडिलांच्या मित्राने तिच्याशी लगट केली होती आणि वडिलांचे प्रेमप्रकरण त्या मित्राच्याच पत्नीशी होते. मुलीच्या तक्रारीवर घरात कोणी विश्वास ठेवला नाही. फ्रॉइडने ठेवला, पण तिची किळस म्हणजे त्या गृहस्थाविषयीचे दडपलेले प्रेम, असा अर्थ तो तिच्या गळी उतरवू लागला. अकरा आठवड्यांनी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ती निघून गेली ती उपचार अर्धवट टाकून. फ्रॉइडने हे अपयश १९०५ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले. रुग्ण आपल्या आयुष्यातील जुन्या माणसांविषयीच्या भावना डॉक्टरवर आरोपित करतो, हे वेळीच ओळखले नाही, अशी कबुली त्याने दिली. हे निरीक्षण आज जवळपास प्रत्येक मानसोपचारकाच्या शिक्षणाचा भाग आहे. डोराचे म्हणणे खरोखर काय होते, हा प्रश्न मात्र त्याने पुरेसा विचारला नाही.

१९०२ पासून दर बुधवारी त्याच्या घरी, बेर्गगासे १९ येथे, मोजकी मंडळी जमू लागली. त्यांतूनच चळवळ वाढली, १९१० मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि फुटीही पडल्या. माणसाच्या धडपडीचे मूळ लैंगिकतेपेक्षा न्यूनगंडात आहे असे म्हणणारा आल्फ्रेड आडलर १९११ मध्ये बाहेर पडला. ज्याच्याकडे वारस म्हणून पाहिले जात होते त्या कार्ल युंगशी १९१३ मध्ये कायमचे बिनसले. अनोळखी रुग्णाचे विसंगत बोलणे तासन् तास ऐकून घेणाऱ्या या माणसाला सहकाऱ्याचा मतभेद ऐकवत नसे. कोलकात्यात १९२२ मध्ये मनोविश्लेषणाची संस्था स्थापन करणारे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांच्याशी त्याचा दीर्घ पत्रव्यवहार होता. बोस यांनी परस्परविरोधी इच्छांचा स्वतंत्र सिद्धान्त मांडला. फ्रॉइडने सौजन्य दाखवले, सिद्धान्त स्वीकारला नाही. १९३१ मध्ये त्याच्या पंचाहत्तरीनिमित्त भारतातून गेलेली हस्तिदंती विष्णुमूर्ती मात्र त्याने लिहिण्याच्या मेजावर ठेवली.

मानसोपचाराच्या आजच्या प्रमुख पद्धती बहुतांशी याच मतभेदांतून जन्मल्या. वर्तनोपचाराने अबोध मनाचा नादच सोडला. भीती ही शिकलेली सवय आहे आणि पायरीपायरीने ती मोडता येते, हे १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्सने सशाला भिणाऱ्या एका बालकावर दाखवून दिले. कार्ल रॉजर्सने अर्थ लावण्याचा अधिकारच डॉक्टरकडून काढून घेतला. उपचारकाचा सच्चेपणा, समानुभूती आणि बिनशर्त स्वीकार यांवर त्याने भर दिला. एका परीने फ्रॉइडला विधवेने दिलेला धडा त्याने शेवटपर्यंत नेला. मराठी वाचकांना परिचित असलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा प्रवर्तक अल्बर्ट एलिस आणि बोधात्मक उपचारपद्धतीचा आरन बेक हे दोघेही मुळात मनोविश्लेषकच. खिन्नता म्हणजे आत वळलेला राग, हे फ्रॉइडचे म्हणणे सिद्ध करण्यासाठी बेकने रुग्णांची स्वप्ने तपासली, तेव्हा त्यांत रागाऐवजी पराभव आणि वंचना आढळली. म्हणून तो रुग्णाच्या जागेपणीच्या विचारांकडे वळला. यांतली सर्वांत परिणामकारक पद्धत कोणती, यावर १९५० नंतर बरेच संशोधन झाले. पद्धतीपद्धतींतील फरक अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी भरला. उपचारक आणि रुग्ण यांच्यातील विश्वासाचे नाते मात्र महत्त्वाचे ठरत राहिले.

फ्रॉइडची अखेरची सोळा वर्षे जबड्याच्या कर्करोगाशी झुंजण्यात गेली. तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तोंडात बसवलेल्या कृत्रिम टाळूमुळे बोलणे कष्टाचे झाले, एका कानाने ऐकू येईनासे झाले, तेव्हा कोचाची दिशा बदलून त्याने चांगला कान रुग्णाकडे केला. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये नाझींनी त्याची पुस्तके जाळली. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेला आणि मुलगी ॲना हिला गेस्टापोने दिवसभर चौकशीसाठी नेले, तेव्हा कुठे तो शहर सोडायला राजी झाला. मारी बोनापार्त आणि अर्नेस्ट जोन्स यांच्या खटपटीने, जबर कर भरून, ४ जून १९३८ रोजी त्याने व्हिएन्ना सोडले. चार वृद्ध बहिणी मागे राहिल्या. त्यांचा नाझी छळछावण्यांत अंत झाला.

लंडनमध्येही तो रुग्ण पाहत राहिला, १९३९च्या उन्हाळ्यापर्यंत. वेदना असह्य झाल्यावर, पूर्वी ठरल्याप्रमाणे, डॉ. माक्स शूर यांनी मॉर्फिन दिले आणि २३ सप्टेंबर १९३९ रोजी त्याचे निधन झाले. लंडनमधील घराचे १९८६ पासून संग्रहालय झाले आहे. बेर्गगासेवरील जुन्या घरातही १९७१ पासून संग्रहालय आहे. पण ज्या कोचावर व्हिएन्नातल्या रुग्णांनी आपली मने उघडी केली, तो तेथे नाही. तो फ्रॉइडबरोबर लंडनला गेला आणि तिथेच राहिला.