आमवाताच्या गोळीमागची मुंबई : डॉ. ल्युसी विल्स

ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स (१८८८-१९६४) १९२८ मध्ये मुंबईत आल्या. इथल्या गिरणी कामगार महिलांना गरोदरपणात जीवघेणा ॲनिमिया होत होता. दोष आहारात असल्याचं विल्स यांनी शोधलं. यीस्टपासून बनणाऱ्या स्वस्त मार्माइटने महिला बऱ्या झाल्या. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड.

पुढे याच घटकाचं काम रोखणारं मेथोट्रेक्सेट तयार झालं. आधी ते कॅन्सरवर वापरलं गेलं. आमवातात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. कमी मात्रेत हे औषध तिला आवरतं. अमेरिकेत आमवातासाठी त्याला १९८८ मध्ये, विल्स यांच्या जन्मशताब्दी वर्षात, मान्यता मिळाली.

आज छत्रपती संभाजीनगरमधल्या रुग्णालाही डॉक्टर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच देतात. मळमळ, तोंड येणं टाळायला सोबत गोळी असते फॉलिक ॲसिडची!